फक्कीचं घर

बराक चार
१४ जानेवारी २०२४

ताई,

फोनवर आई नुसती रडते आणि मी नुसता 'हॅलो, हॅलो' करतो, तेवढ्यात वेळ संपते. व्हिडिओ मुलाखतीत तुम्ही दोघी त्या हिरव्या पातळाच्या पडद्यासमोर अशा बसता, जणू स्टुडिओत फोटो काढायला आलात. घर तर दिसतच नाही. म्हणून म्हटलं, आता पत्रच लिहावं. इथे तुरुंगात साहेब पत्रं वाचतात, तेव्हा शिव्या द्यायच्या असतील तर जरा सभ्य दे.

बातमी अशी, की तुझा भाऊ मास्तर झाला. विद्यार्थिनीला चार पाय आहेत. एका संस्थेने आमच्याकडे उपक्रम सुरू केलाय. रस्त्यावर सापडलेली, गाडीखाली आलेली, कुणी टाकून दिलेली कुत्री त्यांच्या निवाऱ्यात असतात. ती आमच्याकडे देतात. आम्ही त्यांना माणसांत राहायला शिकवायचं, मग त्यांना घर मिळतं. संस्थेच्या नम्रता मॅडम पहिल्या दिवशी म्हणाल्या, "ज्याला कुत्र्याची भीती वाटते त्याने हात वर करा." निम्म्या बराकीचे हात वर! खुनाच्या केसमधले गडीसुद्धा त्यात.

माझ्या वाट्याला आली ती बुडाला काळी, वर तांबूस, शेपटी मोडकी. जाळातून काढलेल्या मडक्यासारखी. तिकडे आता वालाच्या शेंगा भरल्या असतील, शेतात पोपट्या लागत असतील, हे आठवलं आणि मी तिचं नाव पोपटी ठेवलं. घाटावरच्या पोरांना मग मडक्यात शेंगा, अंडी, भांबुर्डीचा पाला भरून ते उलटं जाळात कसं भाजायचं हे सगळं समजावून सांगावं लागलं. सांगता सांगता माझ्याच तोंडाला पाणी सुटलं.

आता मुद्द्याचं. पोपटीला दोन घरांनी परत केलंय. एका घरी ती खाटेखालून बाहेरच आली नाही. दुसऱ्या घरी झाडू बघून मालकिणीच्या अंगावर धावली. तिसऱ्यांदा परत आली तर संस्था तिला पुन्हा कुणाला देत नाही. मग मरेपर्यंत पिंजरा. ताई, जन्मठेप कशी असते ते मी इथे रोज बघतो. तिला मी तशी जाऊ देणार नाही.

तुम्ही ठेवता का तिला? अंगण आहे, परसू आहे, तू कामाला गेलीस की आईला सोबत होईल. दिवाळीच्या सुमारास मी सुटतोच आहे. हो म्हणालीस तर घराचं सगळं बारीकसारीक लिहून पाठव. सहा वर्षांत मी काही विसरलो असेन तर कळेल. मैदानात फक्कीने आपलं घर आखतो आणि पोपटीला त्यातच वाढवतो. कबड्डीच्या मैदानावर मी उगारलेल्या हाताने एका माणसाचा डोळा गेला, तो काही परत येत नाही. पण फक्की टाकणारा हात अजून सरळ आहे, तो तरी कामी येऊ दे.

आईला म्हणावं, मी पोटभर जेवतो.

रितेश


आंबेटेंभी, ता. रोहा
२८ जानेवारी

मास्तर,

सातवीत शाळेच्या मागच्या दाराने पळणारा माणूस शाळा काढतो म्हणजे कमालच आहे. तुझ्या विद्यार्थिनीला खरं सांग, म्हणजे ती फार अपेक्षा ठेवणार नाही.

तुझं पत्र पोस्टमन केरूभाऊंनी हातात दिलं. मी पेणला पापडाच्या कामाला जाते, तिथूनच हे टाकते. शिक्का पेणचा दिसला तर शंका काढत बसू नको.

आईला विचारलं. आधी म्हणाली, "मला माझंच व्हत नाय, कुत्रीचं कोन करील गो?" मग भात वाढताना, "पन खाते काय ती?" मग हात धुताना, "मोडकी शेपटी दुखत आसंल का गो तिची, इचार त्याला." म्हणजे हो समज.

आता घर. रस्त्यावरून आत आलं की करवंदीचं कुंपण, मग अंगण. अंगणात उजवीकडे गुरांचा गोठा, डावीकडे विहीर. तिचा कठडा बुटका आहे, तेव्हा पोपटीला तिकडे जाऊ नये हे आधी शिकव. पुढे पडवी. पडवीच्या मधल्या खांबाला टेकून आई वाल सोलायला बसायची. सगळ्यांच्या पाठी लागून तो खांब गुळगुळीत झाला होता, म्हणजे अजून आहेच. मग ओटी, मग माजघर, आत चुलीची खोली. चुलीच्या खोलीच्या दाराला डोकं आपटायचं, ते तुला सांगायला नको, तुझ्या कपाळावर खूण आहे. मागे परसू, न्हाणी आणि शेवग्याचं झाड.

लिहिताना मला सगळं डोळ्यांसमोर दिसलं. तुम्ही कुत्र्यांना शिकवताय हे ऐकून बरं वाटलं, रितेश. खरंच बरं वाटलं.

मनाली


बराक चार
२५ फेब्रुवारी

ताई,

घर उभं राहिलं! उभं म्हणजे आडवंच, पण काय घर आहे! तुझं पत्र हातात धरून आखलं. करवंदीच्या कुंपणापासून शेवग्यापर्यंत सगळं पांढऱ्या फक्कीत. विहिरीच्या जागी टायर ठेवलाय. शेवगा म्हणून एक कैदी हात वर करून उभा राहतो, त्याच्या शेंगा कोण तोडणार यावरून भांडणं होतात.

पण नुसत्या रेघांना घर म्हणत नाहीत, हे पहिल्याच दिवशी कळलं. इथे नाही बाई, नाही पोर, नाही भांड्याचा आवाज. पोपटीने बांगड्यांचा आवाज कधी नीट ऐकलेला नाही, ऐकला तो झाडू मारणाऱ्या हातातला. म्हणून आम्ही घर खेळतो. तू हसशील, पण हसू नको. आमच्याकडे अक्षय म्हणून पैलवान आहे, दाराची चौकट भरून टाकतो एवढा. तो लहान मूल होतो. रांगतो, पोपटीच्या अंगावर पडतो, तिची भाकरी ओढतो आणि भोकाड पसरतो. आधी ती पळायची. आता त्याच्या गालावरची खोटी आसवं चाटते. परवा त्याला खरंच रडू आलं आणि आम्ही सगळे आपापली चप्पल बघत उभे राहिलो.

आणि आई कोण, तर मंगळ्यादादा. आपल्या रोह्याकडच्याच डोंगरातल्या कातकरी वाडीवरचा. जन्मठेप आहे. त्याला पत्र येत नाही, मुलाखतीला कुणी येत नाही. बायको पारी होती, ती गेली. नम्रता मॅडमनी आणलेल्या काचेच्या बांगड्या त्याने हातात चढवल्या, डोक्यावर टॉवेलचा पदर घेतला आणि फक्कीच्या खांबाशी असा बसला, की एकजणही हसला नाही. मग त्याने हातात झाडू घेतला. एकदम मारला नाही. तो नुसता मांडीवर ठेवून बसला. दुसऱ्या दिवशीही तेच. पोपटी लांबून बघत राहिली. शेवटी एकदा ती हळूच आली आणि झाडूचा वास घेऊन त्याच्या गुडघ्यावर हनुवटी टेकून बसली. मंगळ्यादादा हललासुद्धा नाही. एवढा धीर माझ्यात असता तर मी इथे आलो नसतो.

आता 'आईकडे जा' म्हटलं की पोपटी अंगणातून थेट खांबाशी जाते आणि हनुवटी टेकते. हे मी आपल्या आईसाठी शिकवलंय.

मार्चमध्ये नम्रता मॅडम घर बघायला येतील. त्यांनी पसंत केलं की झालं. त्यांना आपलं अंगण आवडणार, मला खात्री आहे. चहा दे, आणि पडवीत बसव.

संध्याकाळी बंदी व्हायच्या, म्हणजे आम्हाला बराकीत कोंडायच्या आधी मी थोडा वेळ त्या पडवीत बसतो. फक्कीचीच आहे, पण बरं वाटतं.

रितेश


पेण
१९ मार्च

रितेश,

वर गावाचं नाव बघ. पेण लिहिलंय, आणि यापुढे पेणच लिहीन.

नम्रता मॅडम तुझ्या पत्त्यावर आंबेटेंभीला गेल्या. तिथे त्यांना रस्ता दिसला. नुसता रस्ता, त्यावरून जाणाऱ्या गाड्या. त्यांनी विचारपूस केली तेव्हा केरूभाऊंनी मला फोन केला आणि त्यांना इकडे पाठवलं.

आपलं घर नाही, रितेश. रस्ता रुंद झाला त्यात आपली सगळी आळीच गेली. गोठा, विहीर, शेवगा, सगळं. दोन वर्षं झाली. आम्ही पेणला एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. तुझी पत्रं केरूभाऊ एसटीच्या कंडक्टरकडे देतात आणि मी स्टँडवर जाऊन घेते. ते हिरवं पातळ मागची भिंत दिसू नये म्हणून होतं. प्रत्येक मुलाखतीआधी आई स्वतः ते दोरीवर टाकायची, कुठे फट राहिली का ते बघायची.

तिनेच मला शपथ घातली होती. "त्याचं मन त्या घराव हाय गो. तेवढंच धरून तो आत दिवस काढतो. आला की दावू." मला ते पटलं नव्हतं, पण मोडताही आलं नाही. तू घर मागितलंस तेव्हा मी ते आठवून लिहिलं. लिहिताना रडले आणि वर तुला चिडवलं.

आज सांगते ते पोपटीसाठी. नाहीतर दिवाळीपर्यंत मी तोंड उघडलं नसतं. नम्रता मॅडम म्हणाल्या, "फ्लॅट असला तरी चालेल, पण तिला अंगणाची सवय लावून जिन्यावर आणून सोडलंत तर ती बिथरेल. पुन्हा परत आली तर माझ्या हातात काही राहणार नाही. तिकडच्या मुलांना खरं घर कळलंच पाहिजे." त्यांनी तुला सांगण्याचं काम माझ्यावर सोडलं. चांगली बाई आहे. तुझ्या बराकीबद्दल बोलताना तिचा आवाज बदलतो.

एक गोष्ट मात्र आई घेऊन आली. पडवीचा खांब. टेम्पोत घालून आणला, पण जिन्यात वळेना. तो खाली पार्किंगमध्ये भिंतीकडेला आडवा पडलाय, लोक त्याला स्कूटर टेकवतात. आई आल्या दिवसापासून खाली उतरलेली नाही. गुडघे दुखतात म्हणते. दुखतातच, पण तेवढंच कारण नाही.

तुला काय बोलायचं ते मला बोल. तिला नको.

मनाली


बराक चार
२ एप्रिल

ताई,

पत्र मिळालं.

नम्रता मॅडमना सांगितलंय, पोपटीसाठी दुसरं कुणी बघा. मी शिकवायचं थांबवलंय. मैदानात घर अजून तसंच आहे. मी तिकडे जात नाही.

मंगळ्यादादा रोज त्या खांबाशी बांगड्या घालून बसायचा, आणि मी त्याला सांगायचो, आई अशी बसत नाही, पाठ अजून टेक. दोन वर्षांपूर्वी उपटलेल्या खांबाला! तुम्हाला दोघींना काय वाटलं असेल माझी पत्रं वाचून? वेडा आहे, खेळू दे?

रितेश


पेण
१४ एप्रिल

रित्या,

मी सांगते आनि मनाली लिवते. तिला बोललेय, माझं हाय तसं लिव, तुझी शाळा त्यात घालू नको.

तू रागावशील हे मला ठाऊक व्हतं. राग धर, पन माझ्याव धर. ती पोर सांगू सांगू म्हनत व्हती, मीच तिचं तोंड बांधलं.

तू वेडा नाय. तुझं पत्र आलं का मनाली वाचायची आनि मी डोळे मिटून बसायची. माझं घर कुनीतरी पुन्यांदा मांडलंय, त्यात झाडलोट व्हते, पोर रडतं, कुत्री फिरते. मला वाटायचं, नाय कसं, हाय की माझं घर. रित्या, आमी खरं लपवत व्हतो त्या परीस त्या खोट्याची चव घेत व्हतो.

पन आता मी दुसऱ्या माळ्याव बसलेय. हितं कुनाचं दार उघडं नसतं. मनाली कामाव गेली का भिंतीशी किती बोलू? ती कुत्री दोनदा परत आली, तिला कुनी ठेवली नाय. मी ठेवीन. तू पाठव. ती खाटंखाली बसली तर मी बी जवळ खाली बसेन. नायतर तिचं बी जलमभर दार बंद आनि माझं बी.

तुझी आय

खाली मी, मनाली. आता खरं घर लिहिते, हवं तर फाडून टाक. मी गॅलरीत आईशेजारी बसून लिहितेय. समोर अगदी शेवटी घराचं मुख्य दार. मध्ये हॉल. हॉलच्या डाव्या हाताला स्वयंपाकघर, उजव्या हाताला आधी झोपायची खोली, मग न्हाणीघर. आई दिवसभर इथे गॅलरीच्या चौकटीला टेकून बसते. खाली उतरायला जिना, लिफ्ट नाही. दाराला बेल आहे, तिचा आवाज चिमणीला कुणी चिमटा काढल्यासारखा.


बराक चार
२० मे

आई, ताई,

पत्र फाडलं नाही. नुसतं उशीखाली ठेवलं होतं. पण पोपटी बराकीच्या दाराशी येऊन बसायची आणि मी तोंड फिरवायचो.

मग एक दिवस मंगळ्यादादाने बादली घेतली. मैदानात गेला आणि घरावर पाणी ओतायला लागला. मी धावत गेलो, म्हटलं, "काय करतोस?" तो थांबला नाही. गोठा धुतला, विहिरीचा टायर उचलून बाजूला ठेवला. खांबाशी मात्र थांबला. म्हणाला, "ह्यो तू पूस."

मी पुसला. हाताने पुसला, आई.

मग तो फक्कीची पाटी घेऊन समोर उभा राहिला. म्हणाला, "आमी वीटभट्टीव जायचो. दर साली नवं झोपडं. जुनं कोन राखतंय? पारी कुडाची काठी हातात घ्यायची आनि मला इचारायची, दार कुठं ठेवू? तुला बी तेच इचारतो. सांग, दार कुठं ठेवू?"

तेवढ्यात अक्षय माझ्या उशीखालून ताईचं पत्र घेऊन आला.

आता आमच्या मैदानात पेणचा फ्लॅट आहे. दारातून आत शिरलं की हॉल, डावीकडे स्वयंपाकघर, उजवीकडे खोली आणि न्हाणी, समोर गॅलरी. ताईच्या पत्राबरहुकूम. सुतारकामाच्या पोरांनी परवानगी काढून खराखुरा लाकडी जिना बनवलाय, आणि वर एक दार, कडीसकट. बेल अक्षय तोंडाने वाजवतो. चिमणीला चिमटा ऐकून त्याने इतके आवाज काढून दाखवले, की सुभेदार साहेबांनी स्वतः येऊन एक पसंत केला.

आणि आई, तुझे गुडघे. मंगळ्यादादा जिन्यावरून तुझ्यासारखा उतरतो. एक पायरी, मग थांबा, कठड्याला हात, मग दुसरी. 'आई गं' सुद्धा म्हणतो. पोपटी आधी धाडधाड खाली जाऊन वर बघत बसायची. आता ती एक पायरी उतरते आणि त्याच्यासाठी थांबते. तो आला की पुढची. हे त्याने तिला कधी बिस्कीट देऊन शिकवलेलं नाही. तो नुसता रोज तेवढाच सावकाश उतरत राहिला. मी उभा राहून बघतो आणि मनात म्हणतो, हा माणूस कोण आहे आणि इतके दिवस आम्ही त्याला मंगळ्या, मंगळ्या म्हणून पाण्याला काय पिटाळत होतो!

पोपटीबरोबर मीही त्या घरात रोज जातो. बेल, दार, डावीकडे वळून स्वयंपाकघर, पाणी पिणे, मग गॅलरीत आईकडे. आता झोपेत सोडलंत तरी मी तुमच्या घरात चालेन.

नम्रता मॅडम तिला जुलैत आणतील. दार उघडं ठेवू नका. तिला बेल वाजवून आत यायची सवय आहे.

रितेश


पेण
४ ऑगस्ट

रितेश,

आली. आणि राहिली. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू श्वास सोडून वाचशील.

नम्रता मॅडमची गाडी वडखळच्या खड्ड्यांत तास काढून आली. पोपटी जिना चढली ती पाहुणीसारखी, अदबीने. बेल वाजली आणि तिने मान वाकडी करून आजूबाजूला बघितलं. आता कळलं, ती अक्षयला शोधत होती. आईने दार उघडलं. आईच्या हातात मुद्दाम झाडू होता. "बघू तर खरं, काय शिकवलंय," म्हणाली. पोपटीने झाडूचा वास घेतला आणि आईच्या पायाशी बसली. आईने तो झाडू तिथेच टाकला.

पुढे तिने एकच गोष्ट चुकवली. कोणती ते आई लिहू देत नाही. "तो येल तवा बघू," म्हणते आणि हसते. हे असं लपवणं मला चालतं.

पहिले दोन दिवस मीच तिला खाली नेत होते. तिसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर दाराला कुलूप. खाली धावले, तर आई पार्किंगमध्ये आपल्या खांबावर बसलेली, हो, त्याच आडव्या खांबावर, आणि पोपटी तिच्या गुडघ्यावर हनुवटी टेकून. तळमजल्यावरची वैशाली तिच्याशी बोलत होती. मी विचारलं, "उतरलीस कशी?" तर म्हणाली, "तिनं उतरवलं. मी एक पायरी उतरले, ती थांबली. मी दुसरी उतरले, ती थांबली. आता कुत्री थांबते नि मानसानं परत वर जायचं व्हय?"

मग म्हणाली, "मनाली, माझा गुडगा त्या मंगळ्याला गो कसा कळला?"

आता स्कूटरवाल्यांना त्या खांबाला टेकायची बंदी आहे. आई रोज उतरते. वाल सोलायला टोपली घेऊन उतरते आणि दोन बायका आपापल्या टोपल्या घेऊन येतात. रितेश, तुम्ही लोकांनी भिंतीआड बसून माझ्या आईला घराबाहेर काढलं. मी इथे दोन वर्षं तिच्यासमोर होते, मला जमलं नव्हतं. तुझा मला अभिमान वाटतो. हे मी पुन्हा लिहिणार नाही, तेव्हा जपून ठेव.

मनाली


पेण
१० नोव्हेंबर

मंगळ्यादादा,

अक्षय हे वाचून दाखवत असेल. अक्षय, नीट वाच, मधले शब्द गाळू नको आणि आवाज काढू नको.

मी पोचलो. स्टँडवर ताई आली होती. म्हणाली, "चल, रस्ता दाखवते." मी म्हटलं, रस्ता दाखव, घर दाखवू नको, घर मला पाठ आहे. इमारतीपाशी तिला मागे ठेवलं आणि एकटा जिना चढलो. पायऱ्या ओळखीच्या निघाल्या. सुतारकामाच्या पोरांना सांग, उंची अगदी बरोबर होती.

बेल वाजवली. अक्षयचीच! आईने दार उघडलं. तिने मला आत घेतलं, तोंडावरून हात फिरवला, आणि मला वाटलं होतं तशी रडली नाही. ओठ दाबून उभी राहिली. म्हणाली, "पानी पी आधी, आत जाऊन."

मी ताठ मानेने हॉलमध्ये शिरलो आणि डावीकडे वळलो. मागे बघितलंही नाही. दार ढकललं, आत गेलो, माठासाठी हात पुढे केला, आणि माझ्या हातात नळावरची बादली आली. दादा, मी न्हाणीत उभा होतो.

बाहेर आई हसत होती. माझी आई, जी सहा वर्षं फोनवर नुसती रडत होती, ती भिंतीला धरून हसत होती. मागून ताई चढून आली, तीही हसायला लागली. तेव्हा उलगडा झाला. ताईने घर लिहिलं ते गॅलरीत बसून, दाराकडे तोंड करून. आम्ही आखलं ते दारातून आत येताना. तिची डावी ती आपली उजवी. सगळा फ्लॅट आपण उलटा आखला होता, आणि दोन-अडीच महिने मी एका कुत्रीला आणि स्वतःला उलटं घर शिकवत होतो. पोपटीसुद्धा आली तेव्हा पाण्यासाठी थेट न्हाणीत शिरली होती. तेच आईने लपवून ठेवलं होतं, माझी परीक्षा घ्यायला.

"दोगं येकाच शाळेतली," आई म्हणाली.

मी तसाच बादली धरून उभा. तेवढ्यात पायाला ओलं नाक लागलं. पोपटी. तिने आरडाओरडा केला नाही, उड्या मारल्या नाहीत. मागे फिरली, एक पाऊल गेली आणि माझ्यासाठी थांबली. मी एक पाऊल टाकलं. ती पुढे गेली, पुन्हा थांबली. असं करत करत तिने मला हॉल ओलांडून स्वयंपाकघरात नेलं आणि माठाशी बसली. दादा, तू तिला माणसासाठी थांबायला शिकवलंस. ती माझ्यासाठी थांबली.

तुझ्याकडे नवीन कुत्रा आला असेल. त्याच्यासाठी घर आखताना पत्र लिहिणारा कुठे बसलाय ते आधी विचारा. आणि पुढच्या महिन्यात मुलाखतीच्या यादीत तुझं नाव येईल, तेव्हा चूक आहे म्हणून परत पाठवू नकोस. आई येणार आहे. मी म्हटलं, लांबचा प्रवास आहे, घाट आहे, गुडघे आहेत. म्हणाली, "माझं सोंग ज्यानं घेतलं त्याला मी बगायची. पदर नीट घेतो का ते तरी बगू." डबा आणता येत नाही म्हणून तिला वाईट वाटतंय. वालाचं बिरडं ती तुला तोंडीच सांगेल.

तुझी ती बादली आणि तुझा तो प्रश्न मला रोज आठवतो. डावं चुकलं, उजवं चुकलं, स्वयंपाकघराच्या जागी न्हाणी आली. पण दादा, दार आपण बरोबर ठेवलं होतं.

तुझा
रितेश